परार्धाच्या पुढचा वाकडा

इथे मीठ पिकायचं, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आता माझं मलाही वाटत नाही. समोर लांबच लांब भिंत आहे, भिंतीवर काटेरी तार, आणि तारेपलीकडे एकावर एक रचलेले कंटेनर, विटकरी, निळे, गंजलेले. रस्त्यावरून ट्रेलर गेला की आमची उभी रिक्षा हलते आणि माझ्या शेजारी बसलेली माझी बहीण डाव्या हाताने माझं मनगट धरते. डिझेलचा वास, धुळीचा वास. भिंतीच्या अलीकडे एक नाला आहे. त्याच्या कडेला तिवरांची चार खुरटी झाडं उरली आहेत, आणि ओहोटी असली की तिथून चिखलाचा वास येतो. ओळखीचं म्हणाल तर तेवढंच.

"बाय, हितंच व्हतं ना गो आपलं आगर?" मी तिला विचारते. इतकी वर्षं ठाण्यात काढली, पण तिच्याशी बोलताना जीभ आपोआप घरी जाते.

ती भिंतीकडे बघते.

"तेच," म्हणते.

थंडीच्या दिवसांत तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला, आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा मागे राहिला. पाणी हवं असलं की तेच. पोटात दुखलं की तेच. मुलगा समोर आला की त्याच्या तोंडावरून हात फिरवत तेच, तेच. आपण काय म्हणतोय ते तिला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर ती इतकी चिडते. मग रडते. मग थकून झोपते. तिची सून बिचारी नोकरी सांभाळून सगळं करत होती, तीही थकली. मी नोकरीतून मोकळी झालेली, घरात एकटी. "मावशी, थोडे दिवस याल का?" असा फोन आला आणि मी बॅग भरून आले. थोड्या दिवसांचे महिने झाले. संध्याकाळ झाली की बाय दाराशी जाऊन कडी ओढत बसते, म्हणून शेजारच्या नरेशच्या रिक्षातून मी तिला इथवर आणते. इथे आली की ती शांत होते. का होते, ते ती सांगू शकत नाही आणि मीही विचारायचं सोडलं आहे.

या भिंतीच्या जागी आमच्या लहानपणी खाडीचं पाणी वाफ्यांत कोंडलेलं असायचं. दिवाळी सरली की बाबा बांध लिंपायला घेत. माघ-फाल्गुनात उन्हाने पाणी आटायला लागलं की त्याच्यावर आधी एक साय धरायची, मग ती साय चुरचुरायची. खरंच आवाज यायचा. दुपारी वारा पडला की बांधावर बसून कान दिला तर मीठ धरताना ऐकू यायचं. निदान आम्ही दोघी तसं मानत होतो. बाबा लाकडी फळीने मीठ ओढत, बांधावर त्याचे ढीग लावत. चैत्रातल्या उन्हात त्या ढिगांकडे उघड्या डोळ्यांनी बघवत नसे. बाबांच्या टाचांना भेगा होत्या, त्यांत मीठ जायचं. संध्याकाळी आई कोकमाचं तेल कढवून त्या भेगांत भरायची आणि बाबा डोळे मिटून, दात आवळून बसायचे. चुलीवर सुकट भाजल्याचा वास, कोकमतेलाचा वास आणि बाबांच्या सदऱ्याचा खारट वास, हे तिन्ही मिळून जो वास व्हायचा त्याला मी अजून नाव देऊ शकलेले नाही.

नावं देणं हे बायचं काम होतं.

ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. आई दिवसभर मिठात, म्हणून माझी वेणी बायच घालायची. आमच्या शाळेच्या आतल्या भिंतीवर गुरुजींनी निळ्या रंगाने मोठ्या संख्यांची नावं लिहिली होती, एकं, दहं, शतं, सहस्र, अशी थेट छपरापर्यंत. वरची नावं वाचायला मान मोडेपर्यंत मागे न्यावी लागे. बायला ती सगळी पाठ होती. वेणीच्या प्रत्येक पेडाला ती एक नाव घेई आणि पुढचं मी घ्यायचं. चुकलं की केसाला हिसका.

"कोटी."

"दशकोटी."

"अब्ज."

"खर्व."

"निखर्व."

"जलधी!"

हिसका. "महापद्म कुठं गेला? आनि शंकू? खाल्लास?"

महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. तिथे भिंत संपायची आणि साधारण तिथेच माझी वेणीही. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. मला एक कोडं पडायचं. अंत्य म्हणजे शेवटचा ना? मग त्याच्यानंतर मध्य कसा येतो? एकदा मी विचारलं. बायने तोंडात धरलेली रिबीन काढली आणि विचार करून सांगितलं, "ज्यानी नावं ठेवली ना, त्याला तिथं दम लागला असंल. बोलला असंल, झालं आता, ह्यो शेवटचा. मंग जेवला, निजला, उठला, तर अजून उरलेलंच! मंग काय, पुन्हा बसला."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर अजूनही पटतं.

पण बायला परार्धाशी थांबणं पटत नव्हतं. छप्पर आलं म्हणून गुरुजी थांबले, आकडे कशाला थांबतील? म्हणून पुढची नावं तिने स्वतः ठेवली. आमच्या आगरातल्या प्रत्येक वाफ्याला बाबांनी नाव दिलेलं होतं. खाडीच्या वळणावरचा तो वाकडा. जिथे बगळे उतरत तो बगळ्या. ज्याचं मीठ नेहमी उशिरा धरायचं तो म्हातारा. बायने तीच नावं उचलली. दहा परार्धांचा एक वाकडा, दहा वाकड्यांचा एक बगळ्या, दहा बगळ्यांचा एक म्हातारा. म्हाताऱ्याच्या पुढे खेकड्या, आणि खेकड्याच्या पुढे उघाडीजवळचा खोलगट वाफा, म्हणजे बुडी. खाडीचं पाणी आत घ्यायच्या दाराला आमच्याकडे उघाडी म्हणतात. बुडीच्या पुढे वाफेच नव्हते, नुसती खाडी होती. तिथे बायसुद्धा थांबली.

शाळेत तिने हे कुणाला सांगितलं नाही. मलाही शपथ घातली होती. आम्ही दोघीच त्या आकड्यांत बोलायचो. आई पोळलेल्या आवाजात ओरडली, "कवरा येल झाला हाका मारतंय!" की बाय हळूच म्हणायची, "एक बगळ्या हाका झाल्या," आणि मी तोंडावर हात दाबून हसायचे. आभाळात चांदण्या किती, तर दोन म्हातारे. जवळ्याच्या टोपलीत जवळा किती, तर अर्धा वाकडा. आमच्या घरात सगळंच मोजून-मापून होतं, भाकरी, तेल, लुगडी. या एकाच गोष्टीत आम्ही उधळ्या होतो.

मग एका वर्षी बाबा बांध लिंपायला गेले ते नेहमीसारखे शिट्टी वाजवत गेले नाहीत. मोठी माणसं ओटीवर बसून हलक्या आवाजात बोलायची आणि आम्ही गेलो की गप्प व्हायची. हे शेवटचं मीठ, एवढंच आमच्या कानावर आलं. बाकी काही कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्या वर्षी मीठ फार सुरेख धरलं होतं. खडा मोठा, स्वच्छ, दातांखाली कडकन फुटणारा.

त्याच उन्हाळ्यात बायने तो आकडा लिहायला घेतला.

एक करवंटी घेतली, तिची कड दगडावर घासून सारखी केली. उन्हाने तडकलेला बांध बाबा रोज थोडाथोडा पुन्हा लिंपत, तेवढा तो ओला असे. आमच्या खोपटापाशी बायने काठीने एक उभी रेघ ओढली. तो एक. मग करवंटी पालथी घालून दाबली, उचलली. चिखलात गोल, नेटकं शून्य उमटलं. त्याच्या पुढे दुसरं. त्याच्या पुढे तिसरं. मग माझं काम. तिसऱ्यानंतर एक शिंपली खोचायची आणि पुढे दर दोन शून्यांना एक, म्हणजे वाचताना अडकायला होत नाही. पण शिंपल्या कुठून खोचायच्या, एकाच्या बाजूने की दुसऱ्या टोकाकडून, यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. दुसरं टोक तर अजून आलंच नव्हतं. शेवटी बाय म्हणाली, "ऱ्हाऊ दे, शिंपल्या नको. हा वाचाचा न्हायच. हा नुसता लिवायचा."

रोज बांध जेवढा ओला मिळेल तेवढी शून्यं. परार्ध पहिल्याच दिवशी मागे पडला. बुडीसुद्धा मागे पडला. मग नावं संपली आणि नुसती शून्यं उरली. करवंटी दाबायची, उचलायची, पुढे सरकायचं. गुडघ्यांना चिखल वाळून कातडी ओढायची. वाकून वाकून कंबर भरून यायची. वारा खाडीवरून यायचा आणि ओठ खारट करून जायचा. एखाद्या बाईने घर सारवावं तशी बाय बांध भरत निघाली होती.

एका संध्याकाळी बाबा मिठाची टोपली डोक्यावर घेऊन त्याच बांधाने येताना दिसले. आम्ही दोघी पुढे उघाडीच्या बाजूला होतो. मी घाबरले. बांध हातभर रुंद, आकड्यावर पाय न देता येणार कसं? बाबा बांधाच्या तोंडाशी थांबले. खाली बघितलं. मग टोपली सावरत ते बांधावरून खाली वाफ्याच्या पाण्यात उतरले, आणि ते भेगाळलेले पाय त्या कडक खाऱ्या पाण्यात टाकत, बांधाला लागून, सगळा आकडा संपेपर्यंत पाण्यातूनच चालत आले. आमच्यापाशी येऊन टोपली उतरवली, डोक्यावरची चुंबळ सोडून तोंड पुसलं.

"ह्यो आकडा कवरा झाला गो?"

"आजून संपला न्हाय, बाबा," बाय मान वर न करता म्हणाली. "उघाडीपर्यंत न्यायचा हाय."

"आनि त्यानी मोजाचा काय?"

"मीठ."

बाबा हसले. त्या उन्हाळ्यात ते हसलेले मला एवढेच आठवतात. "मीठ मोजतान व्हय? मीठ भरतान," म्हणाले. मग टोपलीतून एक मूठ घेऊन त्यांनी बायच्या ओंजळीत ओतली. "मोज, मोज. कुनीतरी मोजलेला बरा."

आणि टोपली उचलून, पुढचा कोरा बांधही न तुडवता, ते पुन्हा पाण्यातून गेले.

आकडा उघाडीपर्यंत पोचला. त्या दिवशी आम्ही दोघी खोपटापासून उघाडीपर्यंत त्याच्या कडेकडेने पाण्यातून चालत गेलो, आणि बायने त्याला एक नाव दिलं. ते नाव मला सांगितलं नाही. "मोठी झालीस का सांगेन," म्हणाली. पुनवेच्या उधाणाला खाडी बांधावरून गेली. सकाळी जाऊन बघितलं तर बांध गुळगुळीत, जणू कधी कुणी हातच लावला नव्हता. मी भोकाड पसरलं. बाय रडली नाही. तिने बांधावर टेकून पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "चल, भूक लागली."

पुढच्या दिवाळीत बांध कुणी लिंपले नाहीत. मातीने भरलेले डंपर यायला लागले. आधी बुडी भरला, मग खेकड्या, मग म्हातारा. वाकडा सगळ्यात शेवटी. बाबा पुढे त्याच जमिनीवर, आतल्या गेटवर, खाकी शर्ट घालून बसत. आईने कोकमतेल करणं बंद केलं, कारण बाबांच्या टाचा आपोआप बऱ्या झाल्या होत्या. बरं झालं असं कुणी म्हणालं नाही.

बायचं लग्न लवकर झालं, शेजारच्याच गावात, ट्रेलर चालवणाऱ्या माणसाशी. मला शिकायला पनवेलला मामाकडे ठेवलं. ती संसारात बुडाली, मी नोकरीत. सणावारी भेटायचो तेव्हा घरात इतकी माणसं असत की बगळ्या नि म्हातारा यांना जागाच नसे. ते नाव मी तिला कधी विचारलं नाही. एकदा, भावजींच्या तेराव्याला, भांडी घासता घासता ओठांवर आलं होतं. पण तेव्हा विचारण्यासारखं वाटलं नाही. पुढे विचारू, असं वाटत राहिलं.

आता ती विचारण्याच्या पलीकडे गेली आहे, असंच मी इथे आल्यावर धरून चालले होते. एका दुपारी तिचे केस विंचरत होते. पांढरे, विरळ, पण लांब आहेत अजून. माझी पाठ दुखत होती. रात्री तिने चारदा उठवलं होतं. मला माझं घर, माझी कॉट, शेजारणीकडे ठेवलेली माझी झाडं आठवत होती. वेणीचे पेड घालताना तोंडातून नकळत आलं, "एकं."

"दहं," बाय म्हणाली.

माझे हात थांबले. आधी वाटलं, बाहेरून कुणी बोललं.

"शतं," मी म्हटलं.

"सहस्र."

स्वच्छ. जीभ कुठे अडखळत नव्हती. दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, आळीपाळीने आम्ही चढत गेलो आणि परार्धाला पोचलो तेव्हा सून दारात उभी राहून रडत होती.

बायला बोलण्याचे व्यायाम द्यायला दर मंगळवारी एक मुलगी येते. चांगली आहे, हळू बोलते, खोटी आशा लावत नाही. तिने ऐकून घेतलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, "मावशी, हे पाठांतर आहे. पाढे, आरत्या, वारांची नावं, हे असं पुष्कळांचं शाबूत राहतं. ते आपोआप येतं. पण त्याला बोलणं म्हणता येणार नाही. करत राहा, नुकसान नाही. फक्त त्याच्यावर फार काही बांधू नका."

मी "नाही बांधत" म्हटलं आणि बांधत राहिले. रोज वेणीला, रोज रिक्षात, एकं ते परार्ध. एकदा मी परार्धानंतर थांबून म्हटलं, "वाकडा."

बायने माझ्याकडे बघितलं. काहीही नव्हतं त्या बघण्यात.

"वाकडा," मी पुन्हा म्हटलं. "बगळ्या. बाय, बगळ्या गो. म्हातारा."

"तेच," ती म्हणाली, माझी समजूत घातल्यासारखी.

भिंतीवरचं राहिलं होतं, तिचं स्वतःचं गेलं होतं. त्या आकड्यांत बोलणारी जगात मी एकटी उरले, आणि एकटीने बोलायचं कुणाशी? त्यानंतर मी नुसती रीत म्हणून ती नावं घेत राहिले. उन्हाळा चढला. माझी कंबर धरली. कधीकधी तिच्यावर ओरडायचे आणि मग तिच्या पायाशी बसून राहायचे. मला घरी जायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण सूनबाईला कळलं असावं. तिनेच दिवसभरासाठी एक बाई बघून ठेवली. "मावशी, तुम्ही आता विश्रांती घ्या," म्हणाली. मी लगेच हो म्हटलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही या भिंतीसमोर रिक्षात बसलो होतो. नरेश खाली उतरून चहा घ्यायला गेला होता. ट्रेलरची रांग अडकली होती, हॉर्न वाजत होते. माझं डोकं दुखत होतं. मी डोळे मिटून, कुणाचंही उत्तर न ऐकता, एकटीच पुटपुटत होते, "दशकोटी, अब्ज, खर्व, महापद्म..."

"न्हाय."

मी डोळे उघडले.

बाय माझ्याकडे वळून बसली होती. कपाळाला आठ्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, पण राग पुरा होता. डाव्या हाताने तिने माझ्या केसाची एक बट पकडली होती.

"न्हाय," ती पुन्हा म्हणाली. मग ओठ जुळवत, शोधत, घाम फुटेपर्यंत शोधत राहिली. "नि... निखर्व."

नरेश चहा घेऊन आला तेव्हा मी हसत होते की रडत होते, त्याला कळेना. "काय झालं मावशी?" म्हणाला. मी म्हटलं, "काय न्हाय रं. माझं चुकलं."

मंगळवारी मी त्या मुलीला सगळं सांगितलं. तिने पेन बंद केलं, उघडलं. मग म्हणाली, "निखर्व पाठातलं आहे. पण 'न्हाय' पाठातलं नाही, मावशी. ते त्यांचं आहे."

त्यानंतर घरात 'न्हाय'चा सुकाळ झाला. पेज न्हाय. गोळी न्हाय. अंघोळ न्हाय, न्हाय, न्हाय. मुलगा मुद्दाम विचारायचा, "आई, मी तुझा कोन? शेजारी?" आणि ती जोरात म्हणायची, "न्हाय!" आणि तो इतका हसायचा की शेवटी त्याला चष्मा काढावा लागायचा. इतके महिने तिच्यावर सगळं होत होतं, कुणी उठवत होतं, कुणी भरवत होतं. आता ती नकार देत होती. आम्हाला काम दुप्पट झालं. नवी बाई दोन दिवसांत कंटाळली, पण टिकली.

माझं जायचं ठरलेलंच होतं. सकाळी बॅग भरली. सुनेने वाटेत खायला घावन बांधून दिले. नरेशची रिक्षा दारात लागली. बाय ओटीवर खुर्चीत बसली होती. वेणी मी घातलेली, कालचीच. मी चपला पायात सरकवल्या, तिच्यापुढे वाकले, तिचा गेलेला हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. तो गार होता. मला फार बोलायचं नव्हतं. बोलले असते तर निघता आलं नसतं.

"जाऊ ना गो मी?"

विचारायची म्हणून विचारलं. आपल्याकडे असंच विचारतात.

बायने आधी बॅगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. शोधायला तिला वेळ लागला नाही.

"न्हाय."

नरेशने हॉर्न दिला. अंगणात पाटीवर सुकत घातलेल्या जवळ्यावर माश्या घोंघावत होत्या. माझी पाठ ठणकत होती, आणि ठाण्याच्या घराची चावी मुठीत घट्ट धरलेली होती. मी नरेशला हातानेच खूण केली, तू जा म्हणून. मग चपला काढल्या.